क्रेनवर कोण चढलं होतं?

४ फेब्रुवारी

ताई,

पत्र बघून दचकू नकोस. मी धडधाकट आहे, नोकरीही शाबूत आहे. फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणणारच. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, हे एक कारण. दुसरं असं, की मला जे हवंय ते एकटीनं बसून, कुणाला न विचारता लिहिलेलंच हवंय.

आमच्या विभागात सध्या एक काम चाललंय. एका घरातली, एका कारखान्यातली, एका वर्गातली माणसं मिळून जे लक्षात ठेवतात, ते कसं तयार होतं, याचा अभ्यास. आधी प्रत्येकानं आपापलं वेगळं लिहायचं. मग सगळ्यांना एका टेबलाशी बसवून तोच प्रसंग मिळून सांगायला लावायचा. मग पुन्हा वेगळं करून लिहायला लावायचं. तुला वाटेल, चार डोकी जमली की जास्त आठवत असेल. नाही गं. एक बोलायला लागला की दुसऱ्याच्या मनातला धागा तुटतो. चौघं मिळून सांगतात त्यापेक्षा चौघांचं वेगवेगळं लिहिलेलं एकत्र केलं तर जास्त भरतं. आणि जो ठासून बोलतो, त्याचं म्हणणं बाकीच्यांच्या डोक्यात जाऊन बसतं, मग ते चूक का असेना. आपल्या घरात ठासून कोण बोलायचं ते मी लिहीत नाही.

तर मला आता भावंडांच्या आठवणी हव्यात. खरं काम सुरू करण्याआधी पद्धत तपासायची म्हणून आम्ही सगळ्यांनी आपापल्या घरच्यांनाच धरलंय. यातलं काही छापलं जाणार नाही. लहानपणची, बाबांची एक आठवण लिही. एकच, पण तुझ्या मनात सगळ्यात मोठी असेल ती. आईला विचारायचं नाही. माझी मी लिहून पाकिटात बंद करून ठेवली आहे. तुझी आली की उघडीन.

आईच्या गुडघ्याला शेक देतेस ना? तुला ती रोज मिळते. माझ्या वाट्याला रविवारचा फोन. असो.

धाकटी


१२ फेब्रुवारी

धाकटे,

शेक मी देते. तिकडे बसून विचारायला काय जातंय! बायकोनं भाकरी थापावी आणि नवऱ्यानं फुगली का म्हणून विचारावं, तशातली गत. इथे शाळेच्या गणवेशांचं काम डोक्यावर आलंय, सहाही मशिनी सकाळपासून चालू आहेत, आणि कापायला बसणारी नेमकी रजेवर. त्यात तुझी ही परीक्षा. लहानपणीही तू अशीच होतीस. आपण शाळा शाळा खेळायचो तेव्हा धाकटी असून बाई तूच व्हायचीस.

बाबांची आठवण एकच लिही म्हणतेस. मग मला विचार करायला लागलाच नाही.

मी सहा-सात वर्षांची असेन. आपलं घर मालधक्क्याच्या कुंपणाला लागून. बाबा दुपारी जेवायला घरी आले होते, आणि परत निघताना म्हणाले, ‘चल गं भिंगरी, आज तुला वर नेतो.’ मला ते भिंगरी म्हणायचे, तुला माहीतच आहे. बाबा चालवायचे त्या क्रेनवर घरच्यांना न्यायला सक्त मनाई होती. बाबा तर इतके नियमाचे, की फाटकाबाहेर खडूसुद्धा आणायचे नाहीत. तरी नेलं. उभी लोखंडी शिडी, बाबा माझ्या एक पायरी खाली, दोन्ही हातांचं कुंपण केलेलं. अंगात लाल फ्रॉक होता. मागची दुमड उसवलेली, तिचा दोरा लोंबत होता आणि वाऱ्यानं फडफडत होता. मी शिवणवाली, मला अजून तोच दोरा दिसतो. वर काचेची केबिन. तिथून आपलं घर काडेपेटीएवढं, आणि अंगणात आई कपाळावर हात धरून वर बघत होती. बाबांनी मला भोंगा वाजवू दिला. सगळा धक्का दणाणला. बाबा जन्मभरात मला तोंडावर कधी चांगलं म्हणाले नाहीत. पण त्या दुपारी मी त्यांची होते, त्यात मला शंका नाही.

झालं तुझं काम? आता माझं ऐक. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात धक्क्यावरून माणूस आला होता. ती क्रेन उतरवतायत, एप्रिलमध्ये. बाबांच्या वेळचा तो खुणावाला आठवतो? खाली उभा राहून हातानं इशारे करायचा, हुक वर घ्या, खाली सोडा? तो म्हातारा झालाय, पण धक्क्यावर त्याला अजून मान आहे. त्यानं सुचवलं, की शेवटचा भोंगा बाबांनी वर नेलेल्या त्या मुलीनं वाजवावा. ‘लाल फ्रॉकातली ती पोर’, एवढंच त्याला आठवतंय. शिडी जुनी झालीय, म्हणून एकीलाच वर सोडणार. मी लगेच हो म्हणून टाकलं.

तू सुट्टी काढून ये. खालून बघायला मिळेल.

ताई


१९ फेब्रुवारी

ताई,

हे काय लिहिलंयस तू? तुझं पत्र वाचलं, माझं पाकीट उघडलं, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून बसले. तीच दुपार, तीच शिडी, तोच भोंगा. फरक एवढाच, की वर मी होते!

भिंगरी मला म्हणायचे. तुला ‘मोठी’ म्हणायचे. आठव जरा. मी दरवर्षी पहिल्या तासाला मुलांना ही गोष्ट सांगते. लहानपणीची एखादी आठवण किती लख्ख राहते, हे सांगायला मी माझ्या वडिलांची क्रेन सांगते. मुलं नंतर मला जिन्यात गाठून विचारतात, मॅडम, भीती नाही वाटली?

तुझ्यावर चोरीचा आळ घेत नाही, कारण हे सर्रास होतं. जुळ्यांत आणि पाठोपाठच्या भावंडांत तर फारच. एकाच्या बाबतीत घडलेलं दोघंही आपलं म्हणून सांगतात, आणि दोघंही अगदी खरं बोलत असतात. त्यातही माणूस कौतुकाचं ते आपल्याकडे ओढतो आणि खोड्या दुसऱ्याच्या नावावर टाकतो. नवरा-बायकोंना वेगवेगळं विचार, की घरातलं किती काम तुम्ही करता. दोघांच्या उत्तरांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर जाते. तेव्हा तुझं असं होणं काही जगावेगळं नाही.

पण पुरावा तूच दिलायस. फ्रॉकची मागची दुमड, म्हणतेस. शिडी चढणाऱ्या मुलीला स्वतःची मागची दुमड कशी दिसेल गं? तिला आपले हात दिसतील, समोरचा गज दिसेल. मागून लोंबणारा दोरा दिसतो तो खाली उभ्या असलेल्या माणसाला. तू खाली होतीस, ताई. मान वर करून माझ्याकडे बघत होतीस.

माझा कागद काय म्हणतो ते जसंच्या तसं लिहिते: ‘लाल फ्रॉक. गज गार. एकेक पाय वर जातोय. डाव्या चपलेच्या तळव्याला डांबराचा काळा ठिपका. बाबांची टोपी. आई अंगणात, खूप लहान. मग भोंगा, पोटात घुसणारा.’ बघ, यात तुझ्यासारखी सजावट नाही.

तेव्हा धक्क्यावर कळव, की चूक झाली, वाजवायला धाकटी येईल. बाबा आजारी होते तेव्हाचे सगळे दिवस तुला मिळाले. शेवटचा घोटही तुझ्या हातचा. मी पोचले तेव्हा त्यांना बाहेर आणून ठेवलं होतं. ही एक दुपार तरी माझी राहू दे.

धाकटी


२४ फेब्रुवारी

प्राध्यापकबाई,

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, पण आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही म्हणतात, ते तुझ्याकडे बघूनच सुचलं असावं. माझी दुमड मला दिसत नाही, कबूल. मग चपलेच्या तळव्याचा डांबराचा ठिपका तुला कुठल्या आरशात दिसला? चढणाऱ्याला स्वतःचा तळवा दिसतो होय? का पाय उलटा करून बघत बघत चढलीस? मुलांनी जिन्यात हे कसं नाही विचारलं?

मिळाले म्हणे सगळे दिवस! लॉटरीच लागली होती मला. दर दोन तासांनी कूस बदलायची, चादर बदलायची, औषध दिलं की ते थुंकणार आणि वर ‘धाकटीचा फोन आला का’ म्हणून विचारणार. ते दिवस कुणी वाटून मागत नाही. मागतेस काय, तर क्रेन! आयत्या बिळावर नागोबा.

आणि आता स्पष्टच लिहिते, म्हणजे मन मोकळं होईल. मी जळते तुझ्यावर. आज नाही, तू शिकायला गेलीस त्या दिवसापासून. तुला सोडायला बाबांनी दिवसभराची रजा काढली होती. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशीही ते पाळीवर होते. गाडी सुटल्यावर किती तरी वेळ हात हलवत उभे राहिले, आणि मी शेजारी उभी. तुझी पिशवी धरून धरून माझ्या हाताला वळ आले होते, तर घरी आल्यावर ‘दमलीस का’ म्हणून कुणी विचारलं नाही. त्यामुळे क्रेन मी सोडणार नाही. क्रेन माझी आहे, म्हणून बाकीचं मी चालवून घेतलं.

हे इतकं लिहून पत्र बंद केलं होतं. पण दुकानात कापड बेतायला बसले आणि हात थांबला. परत उघडून लिहितेय.

आई आपल्या दोघींना नेहमी एकाच ताग्यातलं कापड घ्यायची. तुझा निळा तर माझा निळा, तुझा ठिपक्यांचा तर माझाही ठिपक्यांचा. म्हणजे भांडणं नकोत. लाल कापड आपल्या घरात आल्याचं मला आठवत नाही. आणि आलं असतं तर फ्रॉक दोन झाले असते. मग लाल एकच कसा?

ताई


२८ फेब्रुवारी

ताई,

डांबराच्या ठिपक्यावर तू मला बरोबर धरलंस. वर्षानुवर्षं दुसऱ्यांचे कागद तपासते आणि स्वतःचा एक कागद तपासता आला नाही. विभागात कुणाला सांगितलेलं नाही.

बाबा माझा फोन आला का म्हणून विचारायचे, हे तू मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा सांगितलंस. भांडणात का होईना, पण सांगितलंस.

लाल एकच कसा, हे आता आईलाच विचारायला हवं. पण रीत पाळ. ‘वर मीच होते ना गं?’ असं विचारायचं नाही. ‘धाकटी होती का?’ असंही नाही. माझं नाव तुझ्या तोंडून येणं कठीणच आहे म्हणा. एकदा नाव सुचवलं की समोरच्याला ते आठवायलाच लागतं. एवढंच विचार, की त्या दुपारी क्रेनवर काय झालं. आणि ती बोलत असताना मध्ये बोलू नकोस. ते तुला जमणार नाही, म्हणून तिलाच लिहायला सांग. आणि कागद न वाचता पाठव. हो, न वाचता.

धाकटी


५ मार्च

धाकटे,

मोठीनं माझ्यापुढे कागद आणि पेन ठेवलंय आणि स्वतः मशीनवर जाऊन बसलीय. मान इकडे, कान इकडे. म्हणते, धाकटीचा हुकूम आहे, लिही.

दोघी मूर्ख आहात. केस पिकले, नातवंडं खेळवायचं वय आलं, आणि भांडण कशावरून, तर वर कोण चढलं! अगं, तुम्ही दोघी माझ्या दोन अंगांना उभ्या होतात. दोघींनी भोकाड पसरलं होतं. मोठी माझा हात ओढत होती आणि तू जमिनीवर लोळण घेतली होतीस.

वर होती ती माझ्या नणंदेची मुलगी. तुमची आतेबहीण. ती तेव्हा वर्षभर आपल्याकडे राहिली होती, तिच्या आईबापाचं काही धड चाललं नव्हतं म्हणून. तुमच्याच अंथरुणात झोपायची, तुमच्यातच जेवायची. विसरलात ना? भिंगरी ती. पाय एका जागी ठरायचे नाहीत, म्हणून ह्यांनी तिला ते नाव ठेवलं. तुम्हाला दोघींना कधी भिंगरी म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. लाल फ्रॉक तिच्या आईनं पाठवलेला. त्याची दुमड उसवली होती. तुमच्या फ्रॉकांच्या मी रोज घालत होते, तिची घातली नव्हती. लिही म्हणालात म्हणून लिहिते.

आपल्या दोन पोरी खाली रडतायत आणि हा माणूस नियम मोडतोय तो बहिणीच्या मुलीसाठी! संध्याकाळी ते घरी आल्यावर मी बोलले, चांगलं चार घरांना ऐकू जाईल असं बोलले. त्यानंतर या घरात त्या दुपारचं नाव कुणी काढलं नाही. थोड्या दिवसांनी नणंद येऊन मुलीला घेऊन गेली.

पुढे दोन-तीन वर्षांनी जेवताना मोठी म्हणाली, ‘मला बाबांनी क्रेनवर नेलं होतं.’ मी म्हटलं, हो. मग कधीतरी तू म्हणालीस, ‘मला नेलं होतं.’ मी म्हटलं, हो. मला ऐकायला बरं वाटलं. हे समोरच बसले होते. माझ्याकडे एकदा बघितलं आणि खाली मान घालून जेवत राहिले.

माझं काही चुकलं असं मला वाटत नाही. कुणाच्याही घरात आपला तो बाब्याच असतो. तुम्हाला बाप कमी मिळायचा, त्यात आणखी वाटेकरी कशाला?

तिचा पत्ता माझ्याकडे आहे. ती दर वर्षी पत्र टाकते, मामी कशा आहात म्हणून. मी उत्तर देत नाही. मोठीकडे पत्ता देते. काय करायचं ते करा. गुडघा बरा आहे.

आई


१० मार्च

ताई,

आईचं पत्र तू वाचलंच असशील. न वाचता पाठव म्हटलं होतं, पण पाकीट दोनदा चिकटवलेलं दिसतंय. बरंच झालं, मला पुन्हा सगळं लिहायला नको.

आमच्या कामात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. माणसं एखाद्या दिवसाबद्दल मिळून बोलतात आणि त्यातला एक भाग सगळेच गाळतात. गाळलेला भाग मग बोलणाऱ्याच्या मनातून पुसट होतो, आणि नुसतं ऐकणाऱ्याच्याही. त्यासाठी कुणाला खोटं बोलावं लागत नाही. बाकीचं तेवढं सारखं सारखं बोलत राहायचं, बस. हे मी शिकवते, ताई. फळ्यावर आकृती काढून शिकवते. आणि एक अख्खी मुलगी माझ्या अंथरुणातून गेली, ते मला कळलं नाही.

आता मला तिचं वाईट वाटायला हवं. वाटतंही. पण खरं सांगू? त्याहून जास्त राग येतोय. बाबांनी तिलाच का नेलं? तिनं असं काय केलं होतं? मी या वयात एका सहा-सात वर्षांच्या मुलीवर जळतेय, आणि कळत असूनही थांबता येत नाही.

आईच्या कागदामागे तू पत्ता उतरवलायस, त्यावर तिला मी लिहिते. कामापुरतं, पद्धतीला धरून. तू लिहू नकोस, नाहीतर तिच्या आठवणीत आपल्या आठवणींची भेसळ होईल.

धाकटी


१४ मार्च

धाकटे,

मी लिहिलंसुद्धा. पत्ता माझ्याकडेही आहे, तर तुझ्या परवानगीची वाट कशाला बघू? धक्क्यावरच्या माणसाला खरं काय ते सांगितलं आणि तिला कळवलं, की भोंगा तुझा आहे, ये. बाकी तिला मी काही विचारलं नाही. कामापुरतंच लिहिलं.

आई दोन दिवस माझ्याशी नीट बोलत नाही. काल मात्र जेवताना आपणहून म्हणाली, ‘दुमड घालायला किती वेळ लागला असता गं?’ मी म्हटलं, दोन मिनिटं.

आणि तिच्यावर तू एकटीच जळत नाहीस. उगाच मोठेपणा घेऊ नकोस.

ताई


२७ मार्च

ताई आणि धाकटे,

एकच पत्र लिहून दोन प्रती काढल्या आहेत, दोघींना एक एक. मी दिवसभर दातांच्या कवळ्या बनवते. हाताला मेणाची आणि साच्याची सवय, पेनाची नाही. चुकलंमाकलं समजून घ्या.

तुमची दोन्ही पत्रं एकाच टपालात आली. ताईनं भोंग्यासाठी बोलावलंय. धाकटीनं सोळा प्रश्नांचा कागद जोडलाय आणि लिहिलंय, की कुणाशी न बोलता उत्तरं द्यायची. घरात माझ्याशिवाय मांजरच आहे, तेव्हा नियम आपोआप पाळला गेला. पण गंमत अशी, की दोघींच्या पत्राची शेवटची ओळ सारखीच आहे. दोघींनी खाली वेगळं लिहिलंय, की हे दुसरीला कळवू नकोस, आणि विचारलंय: वर असताना बाबा माझ्याबद्दल काही बोलले का?

मी सगळं सांगते, मग तुमचं तुम्हाला उत्तर सापडेल.

त्या दिवशी माझे वडील मला न्यायला येणार होते. तसं पत्र आलं होतं. मी सकाळी उठून आपणहून लाल फ्रॉक घातला आणि फाटकाशी जाऊन उभी राहिले. पायाखालचं डांबर उन्हानं वितळत होतं, चपलेला चिकटत होतं, पण मी हलले नाही. मला सगळे भिंगरी म्हणत, आणि त्या दिवशी मी एका जागी उभी होते. मामा जेवायला आले तेव्हाही तिथेच, जेवून निघाले तेव्हाही तिथेच. ते माझ्याजवळ थांबले. म्हणाले, ‘चल गं भिंगरी, आज तुला वर नेतो. वरून रस्ता लांबपर्यंत दिसतो. येतायत का बघू.’

वर गेल्यावर रस्ता खरंच दिसला. पार टेकडीपर्यंत. एक ट्रक होता, एक सायकलवाला होता, आणि एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन चालली होती. मामांनी ट्रक जवळ येईपर्यंत वाट बघितली. तो धक्क्याकडे वळला. मग रस्त्यावर काहीच राहिलं नाही. मामांनी माझा हात भोंग्यावर ठेवला आणि म्हणाले, ‘वाजव. लांब असले तरी ऐकू जाईल.’ मी जीव खाऊन वाजवला. परत परत वाजवला. ते आले नाहीत. त्या दिवशी नाही आणि पुढेही नाही. आत्याकडे, म्हणजे माझ्या आईकडे, मला आईच घेऊन गेली.

माझं चुकलं, ‘आत्याकडे’ लिहिलं. तुमच्याकडे राहिले तेव्हा तुमच्यासारखंच म्हणायला लागले होते. मामांनाही एकदा चुकून बाबा म्हटलं होतं. तेव्हा तुम्ही दोघींनी मिळून मला ढकललं होतं. ते तुम्हाला आठवत नसेल.

आता तुमचा प्रश्न. मी रस्त्याकडे बघत होते, तेव्हा मामा खाली बघत होते. बराच वेळ. मग मला म्हणाले, ‘त्या बघ माझ्या दोघी. आता घरी गेलो की माझं काही खरं नाही.’ आणि हसले. ‘माझ्या दोघी’ असं म्हणाले. मी बघितलं तर अंगणात मामींच्या दोन बाजूंना दोन निळे ठिपके. मला तुमचा इतका राग आला, की सांगता येत नाही. तुम्ही खाली रडत होतात आणि तुमचा माणूस वर उभा राहून तुमच्याकडे बघत होता. माझा कुठेच दिसत नव्हता. तो राग अजून पुरता गेलेला नाही. पत्र लिहिता लिहिता समजलं.

धाकटे, तुझ्या सोळा प्रश्नांत एक प्रश्न आहे, की ही आठवण तुम्ही कितीदा आणि कुणाला सांगितली. उत्तर: कुणालाच नाही. मला ती सांगण्यासारखी कधी वाटलीच नाही. तुम्ही दोघींनी तिचं इतकं कौतुक केलंत हे वाचून आधी हसू आलं, मग रडू आलं, मग मांजराला दूध घातलं.

एप्रिलमध्ये मी येईन. पण भोंगा मी वाजवणार नाही, आता वाजवून कुणाला बोलावू? तो तुम्ही घ्या. तुमच्यातली कोण वर जाईल ते भांडून ठरवा, तुम्हाला ते छान जमतं. मी खाली मामींच्या शेजारी उभी राहीन. मामींना सांगा, उत्तर नाही दिलं तरी चालेल, मी येतेय.

धाकटे, मुलांना शिकवताना क्रेन तुझी म्हणून सांग, ताईनं दुकानात तिची म्हणून सांगावी. माझी काही हरकत नाही. शिडी घ्या, काचेची केबिन घ्या, फ्रॉकसुद्धा घ्या. तो रस्ता मात्र माझ्याकडेच राहू दे. तो तुमच्या दोघींच्याही कागदात नाही.

भिंगरी
(हे नावही देणार नाही.)